कानाबाईंची प्रश्नचिन्हं

कानाबाई टायपिंग डोळ्यांनी नाही, कानांनी तपासायच्या. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या त्यांच्या वर्गात भिंतीला लागून नऊ मशिनी होत्या, आणि दुपारच्या तुकडीला त्या सगळ्या एकदम वाजायच्या. बाई दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर सूप घेऊन शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. मधूनच, मान न वळवता म्हणायच्या, "चार नंबर, मात्रा खाल्ली." चार नंबरची मुलगी कागद वर ओढून पाहायची, तर 'केले'चं 'कले' झालेलं. मराठी मशीनवर काना दाबला की गाडी एक घर पुढे सरकते. मात्रा किंवा उकार दाबला तर जागची हलत नाही, आवाज मुका येतो. नऊ मशिनींच्या कल्लोळात एक मुका आवाज यायला हवा होता आणि तो आला नाही, हे या बाईला शेंगा सोलता सोलता समजायचं. कान आणि काना, दोन्ही एका नावात बसवून मुलींनी त्यांना कानाबाई केलं. खरं नाव बाहेरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून कुणी त्यांच्याकडे येत नसे.

त्यांच्या शेजारच्या गाळ्यात माझं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान होतं. मी सौंदडची, लग्न होऊन कुडव्यात आले. दुकान टाकलं तेव्हा 'बाई कॉम्प्युटर चलाएगी क्या' असं विचारणारे गिऱ्हाईकही पाहिले. कानाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी येऊन माझ्या दारावरचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "'येथे झेरॉक्स काढुन मिळेल.' काढून मधला ऊ दीर्घ वो, सुनंदा. दुकान तुझं आहे, पण भाषा माझी पण आहे ना." मी तो कागद फाडून दुसरा लावला. तेव्हापासून रोज दुपारचा चहा आमचा एकत्र.

शिकवताना त्यांची मराठी इस्त्री केलेली असायची, पुस्तकातली. वर्गाचा उंबरा ओलांडला की झाडीबोली सुरू. घरात पोवारी, बाजारात हिंदी. चारही त्यांना सारख्याच सहज यायच्या, पण लिहिण्याच्या बाबतीत त्यांचा एकच हट्ट होता. जी भाषा, तिचीच अक्षरं. "अक्षर म्हणजे भाषेचं तोंड असते," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याचं तोंड लावून आपल्या माणसाशी बोलू नये."

हा हट्ट सगळ्यात जास्त सोसला तो त्यांच्या मुलानं, विनोदनं. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात दोघंच. विनोद गोंदियाला आयटीआय करून फिटर झाला, दोन-चार ठिकाणी राबला आणि एका ओळखीच्याच्या मागं लागून थेट पोर्तुगालला गेला. तिथं बाटल्यांची बुचं बनवायचा मोठा कारखाना होता आणि हा त्या मशिनी दुरुस्त करायचा. बाई हसत सांगायच्या, "लोकांची पोरं दूर देशी जाऊन मोठमोठे काम करतेत. आमचा बूच लावून राहिला."

दर रविवारी त्याचा फोन यायचा, दोन-तीन मिनिटांचा. दर गुरुवारी ईमेल यायची, ती वाचायला बाई माझ्या दुकानात येत. सुरुवातीला तो सगळ्यांसारखंच लिहायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी. पहिलीच मेल मी वाचून दाखवायला लागले तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः स्क्रीनजवळ नाक नेलं. त्यात कुणी मित्र काल भेटायला आल्याचं लिहिलं होतं. के, ए, एल. बाईंनी वाचलं, "काळ आला होता." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काल, काळ, कळ, कल. कोणता समजू मी? हे वाचणं नाही वो, हे अंदाजपंचे आहे. त्याले लिही, मराठीत लिहिशील तर वाचीन."

आधी त्यांनी स्वतःच मराठीत लिहून पाठवायचं ठरवलं. माझ्याकडे पत्रिका आणि अर्ज छापायचा जुना फॉन्ट होता, त्याच्या कळा टायपरायटरसारख्याच. बाईंनी तासाभरात दोन पानं धडधडा लिहिली, एक चूक नाही. तिकडे विनोदकडे तो फॉन्ट नव्हता. त्याला दिसलं ते नुसतं इंग्रजी अक्षरांचं, टक्क्यांचं आणि कंसांचं भरताड. रविवारी फोनवर म्हणाला, "आई, तू मले शिव्या देऊन राहिली का?" मग मी कुणाकुणाला विचारून कुठंही मराठीच दिसेल असं युनिकोड बसवून घेतलं, त्यालाही काय करायचं ते कळवलं, आणि महिनाभर धडपडून त्याचं पहिलं देवनागरी पत्र आलं. साडेचार ओळी. बाईंनी त्याचा प्रिंट काढायला लावला, लाल पेनानं सात चुका काढल्या आणि मला सांगितलं, "लिही, दहापैकी सहा."

पुढं ते दर गुरुवारचं झालं. पत्र यायचं, लाल पेन चालायचा, मार्क जायचे. विनोद मुद्दाम एखादी चूक सोडतो असा मला संशय यायचा. एकदा मी तसं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "मले माहीत आहे. दहापैकी दहा दिले तर मग मी पुढच्या गुरुवारी काय लिहू?"

वर्षभर असं चाललं. मग एका गुरुवारी मेल उघडली आणि स्क्रीनभर प्रश्नचिन्हं.

अकरा ओळी होत्या. अक्षर एकही नाही. मध्ये मोकळ्या जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं जागच्या जागी, आणि शब्दांच्या ठिकाणी ओळीनं नुसती प्रश्नचिन्हं. बाई वाकून पाहत राहिल्या आणि मग हसल्या. "एवढे प्रश्न काऊन विचारून राहिला हा?"

मी इकडं तिकडं दाबून पाहिलं. काही होईना. म्हटलं, "बाई, एवढ्या वेळेपुरतं इंग्रजी अक्षरांत पाठव म्हणू का? लगेच कळेल."

"कायले? शिकू दे त्याले," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, माझ्या हातानं: 'काहीच दिसलं नाही. पुन्हा पाठव, नीट मराठीत.'

शनिवारी दुपारी बाईंच्या घरी फोन आला. कामावर असताना विनोद मशीनजवळ बसला, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं होतं. वय एकतीस.

त्याला नागपूरपर्यंत विमानानं आणि तिथून गाडीनं कुडव्याला आणेपर्यंत अकरा दिवस गेले. त्या दिवसांत बाई रडल्या, जेवल्या नाहीत, बायकांच्या गराड्यात बसून राहिल्या, सगळं जसं होतं तसंच झालं. पण ज्या दिवशी त्या पहिल्यांदा घराबाहेर पडल्या त्या दिवशी वर्गाकडे वळल्या नाहीत. सरळ माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "ते पत्र काढ."

मी प्रिंट काढून दिला. त्यांनी तो मोठ्या बाजारातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे न्यायला लावला. माझ्या स्कूटीवर मागं बसून स्वतः आल्या. त्या माणसानं मेल उघडून बराच वेळ पाहिली. चांगला माणूस होता, त्यानं बाईंना बसायला स्टूल दिलं. म्हणाला, "मैडम, बिगड़ना दो तरह का होता है। कभी अक्षर की जगह कुछ टेढ़ा-मेढ़ा आता है, वो हम वापस ला देते हैं। पर जहाँ सवाल का निशान आ गया, वहाँ अक्षर बचा ही नहीं। मशीन को समझा नहीं, तो उसने हर अक्षर निकालके उसकी जगह एक सवाल रख दिया।"

बाई म्हणाल्या, "हर अक्षर की जगह एक?"

"एक।"

"काना का अलग? मात्रा का अलग?"

"सबका अलग।"

बाईंनी मान हलवली. आम्ही परत निघालो. दुकानासमोर उतरल्यावर त्यांनी माझ्या काउंटरवर कागद पसरला, लाल पेन काढला, पहिल्या ओळीतल्या दोन प्रश्नचिन्हांखाली टोक टेकवलं आणि म्हणाल्या, "आ, आणि ई. आई." मग शेवटच्या ओळीवर गेल्या. तिथं पाच होती. "व, वेलांटी, न, काना-मात्रा एक, द. विनोद." दोन टोकं त्यांना पाच मिनिटांत सापडली. सगळं हरवलं होतं ते या दोघांच्या मध्ये.

पुढची कितीतरी वर्षं त्यांनी ते पत्र वाचलं. मोजायची रीत त्यांनी स्वतः बसवली. जोडाक्षर असेल तर पाय मोडण्याचा एक धरायचा, अनुस्वाराचा एक, वेलांटीचा एक. आयुष्यभर प्रत्येक कळेचा ठोका ऐकलेल्या बाईला हे मोजणं नवीन नव्हतं. फक्त इथं ठोके होते आणि कळा गेल्या होत्या. दुसऱ्या ओळीत चार, चार, चार होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिथं 'तुझी आठवण येते' बसवलं. मी म्हटलं, "बाई, बरोबर बसलं की." त्या म्हणाल्या, "बसलं. पण 'नाही' पण चारच होते वो."

खरा घोळ सातव्या ओळीत होता. ती ओळ अशी होती:

??? ????? ?????.

तीन, पाच, पाच, आणि पूर्णविराम. एके दिवशी चहाच्या वेळी बाई आल्या त्या वेगळ्याच दिसत होत्या. चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी थोडं पाणी आल्यासारखं. म्हणाल्या, "सातवी लागली. 'इथे खुशीत राहतो.' मोजून पाहा." मी मोजलं. बरोबर होतं. त्या दिवशी त्यांनी मला शेंगा उकडून आणून दिल्या.

चार दिवसांनी पुन्हा आल्या. बसल्या नाहीत. कागद माझ्यासमोर ठेवून तीच ओळ दाखवली आणि हळूच म्हणाल्या, "मला छातीत दुखते."

मी मोजलं. तीन, पाच, पाच.

"त्यानं मले सांगितलं असन, सुनंदा. गुरुवारच्या आधीपासूनच दुखत असन त्याले. आणि मी म्हटलं नीट मराठीत पाठव."

मी म्हणाले, "तसं नसेल बाई. दुसरंही बसतं ना."

"दोन्ही बसते," बाई म्हणाल्या. "तेच तर."

त्यानंतर ते दोन्ही अर्थ त्यांच्यात राहायला आले. सकाळी वर्गाचं कुलूप काढताना त्यांचा चेहरा पाहिला की मला कळायचं, आज सातवी ओळ कोणती आहे ते. खुशीत राहतो असेल त्या दिवशी मुलींना ओरडायच्या, मशिनींना तेल घालायच्या, माझ्याशी भांडायच्या. दुसरी असेल त्या दिवशी दाराशी सूप घेऊन बसायच्या, पण कुणी मात्रा खाल्ली तरी गप्प. मुली चुका करायच्या आणि त्या चुका तशाच कागदावर उमटत राहायच्या. ते ऐकवत नसे.

आणि माझं काय? ते उत्तर मी टाइप केलं होतं. बाईंनी मला एकदाही बोल लावला नाही. पण 'इंग्रजीत पाठव म्हणू का' हे मी एकदाच विचारलं, दुसऱ्यांदा का विचारलं नाही, त्यांच्या नकळत का पाठवलं नाही, हे माझ्या मनात आजही येतं.

शेवटी बाईंनीच सुचवलं की कारखान्याला लिहू. पाठवलेल्या पत्राची एखादी नक्कल तिकडं राहिली असेल. मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं, आणि आठवड्याभरानं तितक्याच मोडक्या इंग्रजीत उत्तर आलं. ऑफिसातल्या एका कारकुनाचं. शोधतो म्हणाला. पण खाली त्याचं नाव तुटलेलं होतं. जे, ओ, मग डोक्यावर नागमोडी रेघ घेतलेला ए, मग पौंडाचं चिन्ह, मग ओ. मी तसंच पाहून उत्तर लिहायला घेतलं, नुसतं जो म्हणून. बाईंनी माझा हात धरला.

"पोराचं पत्र तुटलं ते तुटलं. या माणसाचं नाव आपण कायले तोडायचं?"

ते टेढ़ं-मेढ़ं, परत आणता येणारं तुटणं होतं. मी पाहण्याची सेटिंग बदलली आणि नाव धड झालं. ए वर एक छोटी नागमोडी रेघ, आणि पौंड गायब. पण ते टाइप कसं करायचं? कीबोर्डवर तसलं अक्षर कुठंच नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये अवघड जोडाक्षरांसाठी आम्ही ऑल्ट दाबून आकडे मारायचो, तसंच याचंही असेल म्हणून मी शोधलं. शून्य, दोन, दोन, सात. बाईंनी ते स्वतः टाइप केलं. त्या पहिल्या दोन पानांनंतर कॉम्प्युटरला कधी बोट न लावलेल्या बाईंनी. आणि खाली मला एक ओळ जास्तीची लिहायला लावली: तुमच्या नावातली ती रेघ कशी उच्चारतात?

त्या माणसानं उत्तरात लिहिलं की ते अक्षर नाकातून बोलतात, आणि त्याचं नाव झुआंव असं काहीसं होतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे अनुस्वार. यांचा पण अनुस्वार आहे वो." पुढं त्यानं लिहिलं होतं की भारतातून इतकी पत्रं येतात, पण त्याचं नाव कुणी नीट लिहून पाठवलं नव्हतं. म्हणून असेल किंवा मुळातच भला असेल, पुढच्या पत्रात त्यानं त्याला माहीत होतं ते सगळं लिहिलं.

विनोद जिथून नेहमी मेल करायचा ते दुकान त्या आठवड्यात बंद होतं. म्हणून त्यानं जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचा कॉम्प्युटर मागून घेतला. तो जुना होता, त्यात मराठी टाइप करायची सोय नव्हती. विनोदनं कुठलंसं पान उघडलं, ज्यावर मराठी अक्षरं मांडलेली होती, आणि माऊसनं एक एक अक्षर उचलून पत्र लिहिलं. एक एक काना, एक एक मात्रा. सुट्टी संपेपर्यंत. झुआंवनं विचारलं, एवढं काय लिहितोस? तेव्हा तो हसून म्हणाला, माझी आई मास्तरीण आहे, चुकलं तर मार्क कापते. पडद्यावर सगळी अक्षरं धड दिसत होती. पाठवतानाच ती मोडली असावीत. तिकडच्या नकलेतही प्रश्नचिन्हंच होती. काय लिहिलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, मला माफ करा, असं झुआंवनं शेवटी लिहिलं होतं.

मी हे सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, आता त्या सातव्या ओळीचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तो जेवला नाही."

"बाई..."

"सुट्टी संपेपर्यंत लिहीत होता म्हणते ना तो? मग जेवला कधी? माझ्या मात्रा वेचत बसला, उपाशी."

त्यांनी झुआंवला आणखी एकच प्रश्न विचारायला लावला: नंतर काही खाल्लं का त्यानं? उत्तर आलं, आठवत नाही.

त्या वर्षापासून बाईंचा वर्ग बदलला. एका मुलीला सैन्यातल्या भावाचा मेसेज आला होता, इंग्रजी अक्षरांतला. बाईंच्या धाकानं तिनं फोन लपवला. बाई म्हणाल्या, "लपवते कायले? वाच. उलट्या अक्षरात येऊ दे, कशाही येऊ दे, आलं की त्याच वेळी वाचायचं आणि त्याच वेळी उत्तर द्यायचं." ज्या मुली त्यांना आधीपासून ओळखत होत्या त्या एकमेकींकडे पाहू लागल्या.

एकदा हिवाळ्यात त्या मला बोदलकशाच्या तलावावर घेऊन गेल्या. तिरोड्याकडे त्यांचं माहेर, लहानपण त्या तलावाच्या आसपास गेलेलं. आम्ही पाळीवर, तलावाच्या बांधावर बसलो होतो. पलीकडच्या काठावरून कुणी मासेमार ढिवर इकडच्या छोट्या होडीतल्या, डोंग्यातल्या माणसाला हाक मारत होता. नुसता लांबलेला सूर येत होता, शब्द एकही कळत नव्हता. तरी डोंग्यातला माणूस उठून जाळं ओढायला लागला. बाई म्हणाल्या, "पाहून राहिली का? आवाज येते, शब्द पाण्यात पडते. तरी त्याले कळलं." मी म्हटलं, "रोजचं असतं ना त्यांचं, बाई." त्या म्हणाल्या, "हो. माझं पण रोजचंच होतं. मग मले काऊन नाही कळलं?" पाण्यावर पाणकोंबड्या होत्या, त्या आम्ही पाहत बसलो.

टायपिंगच्या सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या तशा बाईंच्या मशिनी एकेक करून भंगारात निघाल्या. गाळा त्यांनी सोडला. चहाला मात्र येत राहिल्या. बोटं काउंटरवर आपोआप हलायची, तीन, पाच, पाच. त्यांना ते कळत नसावं.

दोन वर्षांपूर्वी त्या आजारी पडल्या. गोंदियाच्या दवाखान्यात मी रोज डबा घेऊन जायचे. आवाज खोल गेला होता, पण कान शाबूत. कॉरिडॉरमधून येणाऱ्या चपलांवरून कोणती नर्स आहे ते सांगायच्या. एका सकाळी त्यांनी उशीखालून तो कागद काढला. इतक्या वेळा घड्या पडून तो कापडासारखा मऊ झाला होता. लाल पेनाच्या खुणा एकमेकींवर चढून काही ओळी काळपट दिसत होत्या.

"सुनंदा, खरं सांग. तुले सातवी काय वाटते?"

"इथे खुशीत राहतो," मी लगेच म्हणाले.

"कायवरून?"

"तो हसत होता, असं झुआंवनं लिहिलं होतं ना. छातीत दुखत असतं तर हसला असता का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आईले पत्र लिहिताना पोरं हसतेतच वो. दुखत असलं तरी." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी गेली की हा कागद माझ्यासोबत ठेवू नको. लोक ठेवतेत ना, फोटो, पोथी. हा नाही ठेवायचा."

"का बाई?"

"न वाचलेलं पत्र जाळू नये."

त्यांनी तो माझ्या हातात दिला. चार दिवसांनी, सकाळचा चहा पुढ्यात असतानाच त्या गेल्या. मुलगा नव्हता म्हणून भावाच्या मुलानं अग्नी दिला. नऊ मशिनींवर शिकून गेलेल्या कितीतरी बायका आल्या होत्या, कुणी तहसीलमध्ये कारकून, कुणी शाळेत, कुणी घरीच. कागद माझ्या पर्समध्ये होता. कुणाला सांगितलं नाही.

झुआंवला कळवायला मला महिना लागला. मधल्या वर्षांत नाताळाच्या सुमारास त्याचं एखादं पत्र यायचं, बाई त्याच्या नावाची रेघ न विसरता उत्तर पाठवायच्या. मी इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि ते मराठीत होतं. फोनमधल्या कुठल्याशा यंत्राकडून त्यानं ते करून घेतलं असणार. 'विनोद चे आई चांगला शिक्षक होता. तो माझा नाव बरोबर लिहिला.' लिंग, विभक्ती, सगळं चुकलेलं. पण अक्षर एकही तुटलेलं नव्हतं. काना, मात्रा, अनुस्वार, पोर्तुगालहून कुडव्यापर्यंत सगळं जसंच्या तसं आलं होतं, क्षणात, कुणाचीही जेवणाची सुट्टी न खाता.

त्याखाली आणखी एक ओळ होती. 'आई ला पत्र मधला गोष्ट शेवटी समजला का?'

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. शेवटी एकच प्रश्नचिन्ह होतं, आणि ते खरं होतं. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.